पोट साफ होण्यासाठी ही गोळी कायमची लागेल का?

प्रश्न : माझे वय ५७ वर्षे आहे, पाळी जाऊन पाच वर्षे झाली. आठ महिन्यांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी दिलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांमुळे शौचास होणे जवळजवळ बंदच झाले, म्हणून रुग्णालयातून रात्री बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी घेण्यास सांगितले. वेदनाशामके दीड महिन्यात थांबली, पण ही गोळी काही सुटली नाही. एक दिवस पोट साफ झाले नाही तरी मी अस्वस्थ होते आणि रात्री गोळी घेते. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ती घेतली जाते. गोळी मी कोमट दुधाबरोबर घेते. हल्ली पोटात फार कळा येतात, म्हणून ती सुरीने कापून अर्धीच घेऊ लागले, तरी कळा कमी झाल्या नाहीत. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन कमी आढळले, तेव्हापासून लोहाची गोळीही घेते. अशा रेचकांनी आतडी कायमची सुस्त होतात, असे माझ्या जाऊबाई म्हणतात. त्यापेक्षा सोनामुखीचे चूर्ण घ्यावे, ते वनस्पतीचे असल्यामुळे निर्धोक असते, असा त्यांचा सल्ला आहे. माझी आतडी खराब झाली असतील का? मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या मुख्य शंकेचे उत्तर आधी देते. तुम्ही ज्या मात्रेत आणि जितका काळ बिसाकोडिल घेतले आहे, तेवढ्याने आतड्यांच्या नसा किंवा स्नायू कायमचे निकामी होतात, याला विश्वासार्ह पुरावा नाही. तुमची आतडी खराब झाली आहेत असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र गोळी घेण्याची तुमची पद्धत बदलायला हवी आणि ती कधी घ्यायची याचा तुमचा निकषही बदलायला हवा. त्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे रेचकाच्या प्रश्नाआधी लक्ष द्यावे लागेल.

ती गोष्ट म्हणजे तुमचे कमी झालेले हिमोग्लोबिन. पाळी थांबून पाच वर्षे झालेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे घटले असेल, तर ते लोह शरीरातून कोणत्या वाटेने जात आहे, हे शोधणे आवश्यक असते. जठरातून किंवा आतड्यातून नकळत होणारा सूक्ष्म रक्तस्राव हे त्याचे एक प्रमुख कारण असते आणि असे रक्त डोळ्यांना दिसेलच असे नाही. शस्त्रक्रियेत गेलेल्या रक्ताचा परिणाम कदाचित अजून भरून निघाला नसेल, असेही असू शकते. पण ते गृहीत धरून स्वस्थ बसता येत नाही. पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला बदल आणि लोहाची कमतरता या दोन गोष्टी एकत्र आल्या, की मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी का, हा प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवलाच पाहिजे, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात कधी कधी नेमकी याच दोन लक्षणांनी होते. तुम्हाला तोच आजार आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या बद्धकोष्ठतेला सरळ दिसणारी इतर कारणे आहेत आणि त्यांची शक्यता मोठी आहे. तरीही लोहाची गोळी सुरू करणे म्हणजे हिमोग्लोबिन का कमी झाले याचा शोध पूर्ण होणे नव्हे. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि ‘हिमोग्लोबिन कशामुळे कमी झाले?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा. शौचावाटे रक्त जात असेल, प्रयत्न न करता वजन घटत असेल किंवा जवळच्या नात्यात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर तेही सांगा. लोहाच्या गोळीने मलाचा रंग काळा होतो हे खरे. परंतु मल डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा असेल, तर तो लोहाचा परिणाम समजून सोडून देऊ नका.

आता गोळीकडे वळू. ती काय करते हे समजण्यासाठी मोठ्या आतड्याचे रोजचे काम थोडे पाहावे लागेल. लहान आतड्यातून दररोज सुमारे दीड लीटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात येतो. त्यातील बहुतेक पाणी आणि क्षार आतडे शोषून घेते, त्यामुळे शेवटी मलावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलीटर पाणी बाहेर पडते. मल जितका जास्त वेळ आतड्यात राहील तितके पाणी अधिक शोषले जाते आणि तो तितका कोरडा व कठीण होतो. आतड्याच्या भिंतीतील स्नायू दिवसभर लहान लहान आकुंचनांनी हा मल घुसळत असतात, पण त्याने तो फारसा पुढे जात नाही. त्याला लांबवर ढकलणाऱ्या जोरदार लाटा दिवसातून मोजक्याच वेळा येतात, आणि त्याही मुख्यतः सकाळी जाग आल्यानंतर व खाल्ल्यानंतर. सकाळच्या न्याहारीनंतर अनेकांना शौचाची भावना होते ती यामुळेच. बद्धकोष्ठतेचा त्रास असलेल्या कित्येकांमध्ये या लाटा कमी किंवा दुबळ्या असतात.

रेचके अनेक प्रकारची आहेत आणि प्रत्येकाची कामाची रीत वेगळी आहे. इसबगोल मलात पाणी धरून ठेवून त्याचा आकार वाढवतो. लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी राखून मल मऊ ठेवतात. बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी हा तिसरा, म्हणजे उत्तेजक रेचकांचा गट आहे. ही औषधे दोन कामे एकदम करतात : आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या जाळ्याला चेतवून त्या जोरदार लाटा निर्माण करतात आणि त्याच वेळी पाणी व क्षार शोषून घेण्याचे आतड्याचे काम कमी करून, उलट द्रव आतड्यात येऊ देतात. त्यामुळे मल पुढेही सरकतो आणि मऊही होतो. पोटात येणारी कळ याच आकुंचनाची असते. ती सौम्य असेल तर औषध काम करत असल्याची खूण समजावी. मात्र तुमच्या कळांना आणखी एक कारण आहे असे मला वाटते.

बिसाकोडिलच्या गोळीवर एक गुळगुळीत आवरण असते. ते केवळ दिसण्यासाठी किंवा गिळणे सोपे व्हावे म्हणून दिलेले नसते. जठरातील आम्लात ते विरघळत नाही. आम्लता कमी असलेल्या आतड्यात पोहोचल्यावर ते उलगडते. त्यानंतर आतड्याच्या अस्तरातील विकरे औषधाचे सक्रिय रूपात रूपांतर करतात आणि ते रूप मोठ्या आतड्यावर काम करते. गोळी सुरीने कापली की कापलेल्या बाजूला आवरण उरतच नाही, औषध जठरातच मोकळे होते आणि तेथील नाजूक अस्तराला झोंबते. दुधाने नेमके हेच होते, फक्त वेगळ्या मार्गाने : दुधामुळे जठरातील आम्लता कमी होते आणि आवरण वेळेआधीच विरघळते. आम्लपित्तावरच्या औषधांचाही असाच परिणाम होतो. मळमळ, उलटीची भावना आणि वरच्या पोटातील तीव्र कळा यातून उद्भवतात. म्हणजे कळा कमी व्हाव्यात म्हणून तुम्ही गोळी कापू लागलात आणि त्या कापण्यानेच कळांना वाव दिला. ही गोळी चावू नये, कुटू नये, कापू नये. अख्खी गोळी साध्या पाण्याबरोबर गिळावी आणि दूध किंवा आम्लपित्ताचे औषध घ्यायचे असल्यास त्यात व गोळीत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. ही सूचना गोळीच्या वेष्टनातील माहितीपत्रकात असते, पण औषध देताना ती तोंडी सांगितली जातेच असे नाही, आणि हा दोष रुग्णाचा नव्हे. ५ मिलिग्रॅमची अख्खी गोळी योग्य रीतीने घेऊनही कळा असह्य होत असतील, तर तुकडे करण्याऐवजी औषध बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

तोंडाने घेतलेल्या बिसाकोडिलचा परिणाम दिसायला साधारणतः ६ ते १२ तास लागतात, म्हणूनच ते रात्री झोपताना घेतात. तेच औषध गुदद्वारात ठेवण्याच्या वातीच्या रूपात वापरले, तर साधारण १५ मिनिटांपासून तासाभरात काम करते. सोडियम पिकोसल्फेटचे रूपांतर मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात, आणि त्यातून जे सक्रिय द्रव्य तयार होते ते बिसाकोडिलच्या सक्रिय द्रव्यासारखे नव्हे, तर तेच असते. औषध वेगळे वाटले, तरी शेवटी आतड्यावर काम करणारा रेणू एकच आहे.

जाऊबाईंच्या सल्ल्याचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवे. सोनामुखीच्या पानांत व शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. ती जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांच्यातील शर्करेचा भाग तोडून सक्रिय द्रव्य मोकळे करतात आणि तेच आतड्याला उत्तेजित करते, पाण्याचे शोषण कमी करते. म्हणजे सोनामुखी हेही उत्तेजक रेचकच आहे, कळा आणि जुलाब तिनेही होतात आणि सवयीबद्दल जी भीती बिसाकोडिलच्या बाबतीत घातली जाते ती तिलाही तितकीच लागू किंवा तितकीच गैरलागू ठरते. सोनामुखी वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही. प्रमाणित मात्रेच्या गोळीतून घेतलेले सेनोसाइड हे उपयुक्त आणि दीर्घ अनुभवाचे औषध आहे. चूर्णात मात्र अडचण अशी, की चमचाभर चूर्णात किती सेनोसाइड आले हे प्रत्येक वेळी सारखे नसते. वनस्पतीतून आलेले म्हणून निर्धोक, हा तर्क कोणत्याच रेचकाला लावता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीचा रेचक अर्क आणि कॅस्कारा ही झाडाची साल, या दोन्ही वनस्पतिजन्य रेचकांना विनाचिठ्ठी विक्रीच्या औषधांतून वगळले, कारण त्यांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती सादर झालेली नव्हती. त्याआधी १९९९ मध्ये तिथे फिनॉल्फ्थॅलीन या कृत्रिम रेचकाला असेच वगळले गेले होते, प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्यापासून कर्करोगाचा धोका दिसल्यामुळे. औषधाची पारख त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्याच्याविषयी जमलेल्या पुराव्यावरून व्हायला हवी. एरंडेलाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तरी पुढचा सल्ला कदाचित त्याचाच मिळेल, म्हणून तेही सांगते : एरंडेलापासून लहान आतड्यात रिसिनोलेइक आम्ल सुटते, त्याचा परिणाम दोन ते सहा तासांत आणि बराच जोरकस होतो, आणि नित्याच्या वापरासाठी ते योग्य नाही. तुमच्या बाबतीत सध्या सर्वांत महत्त्वाचे हे, की बिसाकोडिल चालू असताना त्यावर सोनामुखी किंवा एरंडेल यांची भर घालू नये.

आता ‘सवय लागते’ या समजाकडे येते, कारण तुमच्या पत्रातील खरी चिंता तीच आहे आणि तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, जी फार थोड्या रुग्णांना सांगितली जाते. नैसर्गिकरीत्या शौचास होते तेव्हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग रिकामा होतो आणि वरच्या भागात पुढच्या दिवसाचा मल तयार असतो. उत्तेजक रेचकाने आतड्याचा बराच मोठा भाग एकदम रिकामा होतो. मल आतड्यातून पुढे सरकायला निरोगी माणसातही दीड-दोन दिवस सहज लागतात. त्यामुळे गोळीने पोट चांगले साफ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशीही शौचास न होणे स्वाभाविक आहे. बाहेर टाकायला आतड्यात पुरेसा मलच नसतो. तुम्ही नेमक्या याच रिकाम्या दिवशी अस्वस्थ होता, त्याला बद्धकोष्ठता समजता आणि रात्री पुन्हा गोळी घेता. गोळी थोडाफार द्रव बाहेर काढते, आतडे परत रिकामे होते आणि पुढचा दिवस पुन्हा कोरडा जातो. गोळीशिवाय आतडे चालत नाही, असा अनुभव यातून येतो आणि तो अनुभव खोटा नसतो, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. आतडे सुस्त झालेले नसते, त्याला भरायला वेळच मिळालेला नसतो.

हेही ध्यानात असू द्या, की दररोज शौचास झालेच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, या मर्यादेत कितीही वेळा झाले तरी ते सामान्य मानले जाते. मल सहज, फार कुंथावे न लागता आणि पूर्ण बाहेर येतो की नाही, हे दिवस मोजण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. लहान लहान कठीण खडे किंवा गाठीगाठींचा मल असेल तर तो आतड्यात जास्त काळ राहिला असे समजावे.

उत्तेजक रेचकांनी आतडे निकामी होते, ही समजूत डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यास बेरियम देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रांत, वर्षानुवर्षे रेचके घेणाऱ्या काही रुग्णांचे मोठे आतडे सपाट, वळ्या नाहीशा झालेले आणि सैल दिसले, आणि त्यावरून दोष रेचकांवर ठेवला गेला. त्या रुग्णांची आतडी औषधामुळे तशी झाली, की मुळातच मंद आतड्यांमुळे ते इतकी रेचके घेत होते, हे त्यातून ठरत नव्हते. शिवाय त्यांतील अनेकांचे सेवन नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पुढे गेलेले होते. पुढील संशोधनात शिफारस केलेल्या मात्रेत घेतलेल्या आजच्या औषधांनी तशी हानी होते, असे सिद्ध झाले नाही. सोनामुखीसारख्या औषधांच्या दीर्घ वापराने आतड्याच्या अस्तराला तपकिरी-काळपट छटा येते, हे मात्र खरे आहे. दुर्बिणीच्या तपासणीच्या अहवालात तिचा उल्लेख वाचून लोक हादरतात. पण ती छटा झडलेल्या पेशींपासून तयार झालेल्या रंगद्रव्याची असते, निरुपद्रवी असते आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ती बहुधा ओसरते. अमेरिकेतील पचनसंस्थातज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, बिसाकोडिल व सोडियम पिकोसल्फेट यांची चार आठवड्यांपर्यंतच्या अल्पकाळासाठी किंवा अधूनमधून गरजेपुरत्या वापरासाठी शिफारस केलेली आहे. चार आठवड्यांची मर्यादा त्यानंतर आतडे बिघडते म्हणून आलेली नाही. नियंत्रित चाचण्याच प्रामुख्याने तितक्या कालावधीच्या झाल्या आहेत. काही रुग्णांना ही औषधे दीर्घकाळ लागतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती दिली जातात.

तुम्हाला ही गोळी दिली गेली ते कारणही अगदी योग्य होते. अफूवर्गीय वेदनाशामके आतड्यातील मज्जातंतूंवर बसून पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात व मल कोरडा करतात. तिथे नुसता चोथा वाढवून भागत नाही, उलट पोट अधिक फुगते, म्हणून उत्तेजक रेचक सुरुवातीलाच दिले जाते. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्यांना तर वेदनाशामक सुरू होतानाच रेचकही सुरू करणे ही चांगली वैद्यकीय पद्धत समजली जाते. मेरुरज्जूला इजा झालेल्यांच्या नित्य शौचव्यवस्थेत बिसाकोडिलची वात महत्त्वाची असते, कारण त्यांना आतड्याची भावनाच कळत नाही आणि ठरावीक वेळी आतडे रिकामे होण्यावर त्यांचा दिवस, त्यांचे घराबाहेर पडणे, त्यांचा आत्मसन्मान अवलंबून असतो. दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी आतडे स्वच्छ करण्यासाठी पिकोसल्फेट किंवा बिसाकोडिल इतर औषधांबरोबर वापरतात. तुमची तशी तपासणी ठरली, तर तुम्हालाही कदाचित ती मिळतील. त्या वेळची मात्रा आणि पाणी पिण्याच्या सूचना पूर्णतः वेगळ्या असतात, त्या तंतोतंत पाळाव्यात.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे आणि तुमच्या बाबतीत तो प्रत्यक्ष आहे. वारंवार पातळ शौचास झाले की पाण्याबरोबर पोटॅशियम जाते. रक्तदाबासाठी तुम्ही जी लघवी वाढवणारी गोळी घेता, त्या वर्गातील अनेक औषधेही लघवीवाटे पोटॅशियम घालवतात. दोन्हीकडून गळती सुरू राहिली तर रक्तातील पोटॅशियम घसरते. त्यामुळे पायात गोळे येतात, अशक्तपणा जाणवतो आणि ते फार कमी झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. कमी पोटॅशियममुळे आतड्याचे स्नायूही मंदावतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी रेचक घेतले तीच तक्रार वाढते. म्हणून डॉक्टरांना सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाच्या कार्याची रक्तचाचणी करण्याविषयी विचारा, सोबत थायरॉइड व कॅल्शियमही पाहता येईल, कारण त्यांतील बिघाडानेही बद्धकोष्ठता होते. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही रेचके घेऊच नयेत. वजन उतरवण्यासाठी रेचके घेण्याने सर्वाधिक हानी होते, हेही इतर वाचकांसाठी नमूद करते : अन्नातील बहुतेक ऊर्जा लहान आतड्यातच शोषली जाते आणि ही औषधे त्यापुढच्या मोठ्या आतड्यावर काम करतात, त्यामुळे काट्यावर घटलेले वजन केवळ पाण्याचे असते आणि त्याची किंमत हृदय व मूत्रपिंडांना मोजावी लागते. घरात कोणी असे करत असल्याचे जाणवले, तर रागावण्याऐवजी त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे नेणे गरजेचे आहे.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय करावे ते सांगते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत गोळी एकदम सोडण्याचा अट्टहास करू नका, पण ती घेण्याचा निकष बदला. ज्या दिवशी पोट चांगले साफ झाले, त्याच्या पुढचे दोन दिवस शौचास झाले नाही तरी, पोट दुखत नसेल व फुगत नसेल, तर वाट पाहा. तिसरा दिवसही तसाच गेला, तरच त्या रात्री एक अख्खी गोळी पाण्याबरोबर घ्या. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अस्वस्थ वाटेल, याची तयारी ठेवा. रोजच्या आधारासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे, आतड्याला न चेतवता मल मऊ ठेवणारे औषध सुरू करावे का, हे डॉक्टरांना विचारा. प्रौढांना ते सामान्यतः दिवसातून एकदा १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात मिसळून देतात आणि परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी निराश होऊ नये. इसबगोल तुम्ही विचारलेला नाही. आतड्यात अरुंदपणा किंवा अडथळा नाही हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत तो सुरू न करणे बरे, आणि नंतर सुरू केल्यास भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठता वाढते, हे तुमच्या तक्रारीमागचे एक मोठे कारण असू शकते. ती बंद करायची नाही, पण दिवसाआड घेता येईल का किंवा प्रकार बदलता येईल का, हे जरूर विचारा.

सकाळी न्याहारीनंतरची वेळ शौचासाठी राखून ठेवा, कारण आतड्याच्या नैसर्गिक लाटा तेव्हाच जोरात असतात. भावना झाल्यावर ती दाबून ठेवू नका, कारण परत गेलेला मल आणखी कोरडा होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तुम्हाला उकिडवे बसता येत नसणार. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील असे बसता येते का, हे आधी तुमच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना विचारून घ्या. मल मऊ असूनही तो बाहेर पडायला अडतो, फार कुंथावे लागते किंवा बोटाने मदत करावी लागते, असे होत असेल तर संकोच न करता तसे सांगा. अशा वेळी अडचण आतड्याच्या वेगात नसून ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या ताळमेळात असते. हे स्नायू शौचाच्या वेळी सैल व्हायला हवेत, पण ते आवळलेले राहतात. त्यावर कोणतेही उत्तेजक रेचक पुरेसे ठरत नाही, तर प्रशिक्षित तज्ज्ञांकडून घेतलेल्या स्नायूंच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो. ही गोष्ट सांगायला लोक लाजतात आणि वर्षानुवर्षे गोळ्या वाढवत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या : कोणत्या दिवशी शौचास झाले, मल कसा होता, गोळी कोणत्या रात्री घेतली आणि इतर कोणती औषधे चालू आहेत. भेट याच आठवड्यात असल्याने नोंद अपुरी असली तरी चालेल; तिच्यासाठी भेट पुढे ढकलू नका. यादरम्यान पोटात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या, पोट फुगून वायूही सरेनासा झाला, उलट्या होऊ लागल्या किंवा शौचावाटे रक्त गेले, तर कोणतेही रेचक घेऊ नका आणि थेट रुग्णालयात जा, कारण आतड्यात अडथळा असताना किंवा अपेंडिक्सला सूज असताना उत्तेजक रेचक घेणे धोक्याचे असते.